एक्केचाळिसावा हापसा

माजोक,

तू गेल्यावर तुझ्या दारात घातलेला मांडव आज सकाळी उतरवला. मी खुर्च्या घडी करायला गेलो होतो. क्वेकर्स हिलच्या तुझ्या त्या गल्लीत दहा दिवस दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या होत्या. पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंनी स्वतःचा ड्राइव्हवेसुद्धा लोकांना मोकळा करून दिला होता. आज गल्ली पुन्हा रिकामी आहे. लॉनवर खुर्च्यांच्या पायांची भोकं तेवढी राहिली आहेत.

पहिल्या दिवशी आलो तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या तुमच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं, "तू माजोकला कसा ओळखायचास?"

"कामावरून," मी म्हणालो.

अठरा वर्षांचं एवढंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. तुमच्या चहाला दालचिनी असते, साखर खूप असते. मी तो पूर्ण प्यायलो. तू असतास तर म्हणाला असतास, "मार्क वन, तुझ्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे पंपाला आधी वरून पाणी घालावं लागतं."

तर आज घालतोय. आणि हे मी मराठीत लिहितोय, तुला एक अक्षर वाचता येणार नाही अशा भाषेत. इंग्रजीत लिहायला बसलो की माझ्यातला ऑफिसचा माणूस जागा होतो, प्रत्येक वाक्य तोलून पाहतो, सोयीचं तेवढं ठेवतो. त्या माणसामुळेच तुझं वाटोळं झालं. आज तो नको.

आपण पहिल्यांदा बोललो ते एका साइटवर, युटच्या, म्हणजे पिकअपच्या, मागच्या फळीवर बसून डबा खाताना. मी पाइपलाइनचा इंजिनिअर, तू नुकताच लागलेला टेक्निशियन, युनीतली इंजिनिअरिंगची डिग्री पार्टटाइम चालू. तू विचारलंस, "इंडियाचा ना? मी आयुष्यात वाचलेला पहिला इंग्रजी शब्द इंडिया." मला वाटलं, चेष्टा करतोयस. मग तू सांगितलंस, की लहानपणी निर्वासितांच्या छावणीत पाण्याच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायचास आणि समोरच्या हातपंपाच्या लोखंडी डोक्यावर उठावाची अक्षरं होती, इंडिया मार्क टू. ती बोटाने गिरवत गिरवत तू वाचायला शिकलास.

मी हातातली पोळी खाली ठेवली. माजोक, माझ्या बापाने तीस वर्षं तेच हापसे दुरुस्त केले. सोलापूर जिल्ह्यात, सायकलच्या कॅरिअरला पाने बांधून, गावोगाव. अण्णा घरी आले की ग्रीसचा वास आधी यायचा, मग अण्णा. हे मी सांगितल्यावर तू उठून उभा राहिलास आणि माझा हात दोन्ही हातांत धरलास, जणू तो पंप मीच तिथे पाठवला होता. "मार्क टू आम्हाला पाणी देतो," तू म्हणालास, "म्हणजे तू मार्क वन. जुनं मॉडेल." त्यानंतर तू मला सुधीर अशी हाक मारल्याचं फारसं आठवत नाही.

आणि तो दिवस आठवतोय? तू म्हणालास, तुझं नाव बैलाच्या रंगावरून आहे, काळापांढरा. मग मला म्हणालास, "तू हिंदू, गाय तुमची आई. सांग, तुमच्याकडे तिच्या रंगांना काय काय म्हणतात?"

मी म्हणालो, "पांढरी, काळी, तांबडी..."

"हे तर गाड्यांचे रंग झाले, मेट!"

लाज वाटून मी तिथूनच अण्णांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. अण्णा सुरू झाले. ढवळा, पवळा, कोसा, हरण्या, मोरा, बांडा. तू डोळे मिटून ऐकत होतास. ठिपक्याठिपक्यांचा, काळापांढरा तो बांडा, असं अण्णांनी सांगितलं आणि मी त्याचं इंग्रजी केलं तेव्हा तू फोनमध्ये ओरडलास, "आय ॲम बांडा!" त्यानंतर अण्णा जाईपर्यंत दर रविवारी फोनवर माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या तब्येतीआधी तुझी चौकशी व्हायची. आपला बांडा बराय का?

मग तुमचा दक्षिणेचा भाग उत्तरेपासून वेगळा झाला, तुमचा देश झाला.

ऑस्ट्रेलियातली जुलैची थंडी होती. ब्लॅकटाउनच्या हॉलमध्ये आम्ही घरचे सगळे आलो होतो. तुझी लेक अयेन आठ वर्षांची, गालावर नवा झेंडा रंगवून फिरत होती. तुझी बायको अचोल इतर बायकांबरोबर नाचत होती आणि तू एका कोपऱ्यात भिंतीला टेकून रडत होतास. मी मुद्दाम पाठ फिरवली. माणूस रडत असला की पाठ फिरवायची, एवढंच सौजन्य मला शिकवलेलं होतं.

पुढच्या शनिवारी माझ्या बॅकयार्डमध्ये बार्बेक्यूपाशी उभं राहून तू विचारलंस, "मी जाऊ का? तिथल्या पाण्याच्या खात्याला माणसं हवीत. मेकॅनिक आहेत, कागद हाताळणारा इंजिनिअर नाही."

आणि मी, जो कधी बोलत नाही, तो अर्धा तास बोललो. सत्तेचाळीसनंतर आमच्याकडे काय होतं? काही नव्हतं. अर्धा देश निर्वासितांच्या छावण्यांत होता. पण माणसं उभी राहिली. माझा बाप सायकलवरून पाणी देत फिरला. नवा देश हा असाच उभा राहतो, माजोक, कुणीतरी पाना घेऊन निघावं लागतं. केवढं छान बोललो मी. मंजिरी आतून कोशिंबीर घेऊन आली होती, ती नुसती बघत राहिली.

तू चिमट्याने सॉसेज उलटलंस आणि विचारलंस, "मग तू का नाही राहिलास तुझ्या देशात?"

"आमचा आता साठी उलटून गेलेला देश आहे," मी म्हणालो. "त्याला माझी गरज नाही."

तू खूप हसलास. मीही हसलो. तू निघून गेल्यावर मंजिरी म्हणाली, "दुसऱ्याला पाण्यात ढकलताना तुझी वाचा बरी फुटते."

निघताना तुझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा वायसर जास्त होते. पंपाच्या दट्ट्याला बसवायचे ते रबरी वाटीसारखे वॉशर. अण्णा वायसर म्हणायचे, म्हणून तूही तेच म्हणायला लागलास. माझ्या भावाने सोलापूरहून दोनशे पाठवले होते. तिथे बहुतेक हापसे त्या एका वायसरपायी मरतात, हे तुला आधीच कळलेलं होतं. अचोलने चिडून तुझे दोन सूट बॅगेतून काढले आणि म्हणाली, "घाल तिथे रबराचा कोट-टाय."

तुझ्या मेल्स मी परत वाचल्यात, सगळ्या. खात्याचं ऑफिस एका कंटेनरमध्ये. टेबलं तीन, खुर्ची एक. जो आधी येईल तो बसेल. लेटरहेडवर देशाचं नवं नाव छापून आलं होतं, पण प्रिंटरला शाई नव्हती. उत्तरेशी भांडण झालं, तेल बंद झालं आणि सरकारची तिजोरीच बंद झाली. पाच महिने पगार नाही. सीमा बंद म्हणून सिमेंट दुसऱ्या टोकाकडून येणार, तेही रस्ता कोरडा झाला तर. उत्तरेतून परत आलेली माणसं नदीकाठी बार्जमधून उतरवलेल्या सामानावर बसून होती. खाटा, कपाटं, दारांच्या चौकटीसुद्धा. घर बांधायला देश मिळाला होता, जागा कुणी दाखवत नव्हतं. कुठल्या गावात आधी बोअर मारायची हे साहेब कुठल्या जमातीचा त्यावर ठरायचं, त्यावरून भांडणं. आणि तुला दोन्हीकडचे म्हणायचे, तू गप्प बस, तू ऑस्ट्रेलियन.

तरीही प्रत्येक मेलच्या शेवटी तुझी ती यादी असायची. क्रमांक, गाव, बोअरची खोली, स्थिती. सात चालू. अठरा चालू. एकतीस. तू मोटरसायकलवर पाने बांधून फिरत होतास. अण्णांना मी फोनवर वाचून दाखवायचो, ते म्हणायचे, "पोरगं आपलंच आहे रे."

मग डिसेंबरमध्ये राजधानीत तुमच्याच लोकांनी तुमच्याच लोकांवर बंदुका रोखल्या. तीन आठवडे तुझा पत्ता नव्हता. परत आलास तेव्हा अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा तरी होता.

तू फार सांगितलं नाहीस. एवढंच म्हणालास, की जमात ओळखायला रस्त्यात थांबवून विचारायचे, कुठल्या भाषेत अभिवादन करतोस ते बोलून दाखव. आणि म्हणालास, "दोन हापश्यांचे दांडे काढून नेले, मार्क वन. त्यांना बंदुका होत्या. दांडे कशाला हवे होते?"

तेव्हा मी जे बोललो त्यावरून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलंच नाही. मी म्हणालो, "मग वेगळं व्हायला नकोच होतं तुम्ही. घाई झाली."

तू इतक्या हळू आवाजात बोललास की मला पुढे वाकावं लागलं. "तुमच्या देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा किती माणसं मेली? तुम्हाला कुणी येऊन विचारतं का, की पुन्हा इंग्रजांकडे जा?" मी म्हणालो, ते वेगळं. "सगळ्यांचं वेगळंच असतं," तू म्हणालास. "नवी बोअर मारली की आधी गढूळ पाणी येतं. उपसत राहायचं, हे तूच मला शिकवलंस. किती दिवस उपसायचं, ते सांग की, इंजिनिअर."

पुढेही दर वर्षी जुलैत तू तोच प्रश्न विचारायचास, आधी रागाने, मग चेष्टेने, आणि गेल्या दोन वर्षांत नुसता माझ्याकडे बघून.

आता एका फोनबद्दल.

तू आल्यावर दोन महिन्यांनी एका कंपनीत तुझा इंटरव्ह्यू झाला. पाण्याचंच काम, तुझ्या शिक्षणाचं. ती कंपनी आमच्या टीमबरोबर काम करायची; म्हणजे तू रोज माझ्यासमोर बसला असतास. रेफरी म्हणून, म्हणजे तुझ्या कामाची ग्वाही देणारा म्हणून, तू माझं नाव दिलंस. दुसरं कुणाचं देणार होतास? या देशात नोकरी इंटरव्ह्यूने मिळत नाही, त्यानंतर रेफरीला जो फोन येतो त्यावर मिळते, हे इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षात कळतं.

त्या कंपनीतल्या एका बाईंचा फोन आला. आवाज गोड होता. काम कसं? उत्तम, मी म्हणालो. वेळेवर यायचा? हो. मधली ही दोन वर्षं, त्याबद्दल काही सांगू शकाल?

माझ्या इनबॉक्समध्ये एक्केचाळीस गावं होती, माजोक. चालू, चालू, चालू. मी सांगू शकत होतो, की ज्या देशात कागद नव्हता, पगार नव्हता, रस्ता नव्हता, तिथे या माणसाने पाणी चालू ठेवलं. मी म्हणालो, "त्या काळात तो माझ्या हाताखाली नव्हता."

मग तिने शेवटचा प्रश्न विचारला. तो ठरलेला असतो. या माणसाला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का? त्याचं उत्तर एका श्वासात द्यायचं असतं. एक सेकंदही थांबलात की समोरचा माणूस लिहून घेतो. मला हे माहीत होतं. मी स्वतः असे फोन केलेत.

मी थांबलो. मग म्हणालो, "ही हॅज बीन थ्रू अ लॉट."

खूप सोसलंय बिचाऱ्याने. आमच्याकडे हे चांगुलपणाने म्हणतात. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच समजावलं, की मी कळवळ्याने बोललो, त्यांनी भलता अर्थ घेतला. खोटं आहे. ती बाई काय लिहून घेणार हे मला बोलायच्या आधीच ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात शेजारच्या छपरावर खिळे ठोकायची नेलगन बंदुकीसारखी चालली तेव्हा तू माझ्या गॅरेजमध्ये जमिनीवर आडवा झाला होतास. मला वाटलं, साइटवर असं काही झालं तर? आपल्या गळ्यात. हे एक कारण. दुसरं आहे, ते शेवटी सांगतो.

नोकरी मिळाली नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तू वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्टवर लागलास. फक्त सुरुवातीला, म्हणून लागलास आणि अकरा वर्षं राहिलास. पहाटेच्या शिफ्टा, पाठ, मग ब्लडप्रेशर. गेल्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी तू दुपारी फोर्कलिफ्टवरून उतरलास, सोबत्याला म्हणालास, पाच मिनिटं बसतो. आणि उठला नाहीस.

मांडवाच्या तिसऱ्या दिवशी मी अचोलला सांगितलं. स्वयंपाकघरात होती, बायकांनी तिला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, काही करू देत नव्हत्या. मी तिच्या समोर स्टुलावर बसलो आणि फोनबद्दल सगळं बोललो, शेवटच्या प्रश्नापर्यंत.

अचोल म्हणाली, "त्या आठवड्यात त्याने रोज शर्टाला इस्त्री केली. फोन आला की लगेच निघता यावं म्हणून."

मी म्हणालो, "अचोल, मला माफ..."

"नाही." तिने हात वर केला. "ते माझ्याजवळ नाहीये. मी कुठून आणू? शनिवारी चर्चमध्ये तू बोलायचं आहेस. कामावरचा मित्र म्हणून. त्याच्या चुलत्यांनी तुझं नाव लिहिलंय, ते मी खोडणार नाही. तुला एक प्रश्न विचारला होता ना त्या बाईने? त्याचं उत्तर दे. शनिवारी दे. सगळ्यांसमोर."

शनिवारी चर्च भरून बाहेर माणसं उभी होती. मी तुझी यादी छापून नेली होती. उभा राहिलो. म्हणालो, माजोकने इथून जाऊन दोन वर्षांत काय केलं, हे मला एकदा विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही. ते आज वाचतो.

क्रमांक एक. तिथेच अडलो, गावाचं नाव मला म्हणता येईना. अयेन पहिल्या रांगेतून उठली. बावीस वर्षांची झाली ती, तुझ्याएवढी उंच. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि नाव नीट म्हणाली. मग तसंच चाललं. ती गाव म्हणायची, मी खोली आणि स्थिती म्हणायचो. अठ्ठेचाळीस मीटर, चालू. त्रेपन्न मीटर, चालू. नवव्या की दहाव्या गावाला मागून एक म्हातारी काहीतरी मोठ्याने बोलली. अयेन हळूच म्हणाली, "अंकल, ती म्हणतेय, तिच्या बहिणीचं गाव." मग आणखी एक आवाज आला. मग एक गृहस्थ उभेच राहिले, मला चहाचा कप देणारे, आणि यादी संपेपर्यंत बसले नाहीत.

एक्केचाळिसाव्या ओळीत तू लिहिलं होतंस, पाणी आहे, वायसर नाही. तेही वाचलं. मग म्हणालो, मला विचारलं होतं, याला पुन्हा कामावर घ्याल का. माझं उत्तर हो आहे. त्या दिवशीही होच होतं.

अचोलने माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबर केलं तिने.

पायऱ्यांवर अयेन म्हणाली, "अंकल, कॅन यू सेंड मी दॅट लिस्ट?" मी तिथेच फोन काढून तुझी शेवटची मेल उघडली. डिसेंबरची, बंदुका सुटण्याआधी दोन दिवसांची. यादीच्या खाली तू एक ओळ लिहिली होतीस. मार्क वन, वायसरचं दुसरं पार्सल निघालं का?

अयेनला मी फक्त यादी पाठवली. ती ओळ खोडून.

हे मी अचोलला सांगितलेलं नाही, मंजिरीलाही नाही. ते पार्सल भावाने सप्टेंबरमध्येच पाठवलं होतं, माझ्याकडे, मी पुढे कुरिअर करणार म्हणून. तीनशे वायसर. मी ते गॅरेजमध्ये फळीवर ठेवलं. या शनिवारी पाठवू, गणपती होऊ देत, दिवाळी होऊ देत. तीन महिने गेले. तू जानेवारीत परत आलास, माझ्या गॅरेजमध्ये बसलास आणि मी त्या खोक्यावर जुनी चादर टाकली. नेलगनच्या आवाजाने तू खाली पडलास तेव्हा तुझं डोकं त्या फळीपासून हातभर अंतरावर होतं. तू रोज ऑफिसात माझ्यासमोर बसणार, रोज ते खोकं मला आठवणार. म्हणून मी त्या फोनवर थांबलो. हे दुसरं कारण.

आज खुर्च्या पोचवून घरी आलो आणि चादर काढली. तुझ्या त्या मेलचं उत्तर बारा वर्षं राहून गेलंय, ते देतो.

नाही निघालं, माजोक. इथेच आहे. एक वायसर हातात घेऊन वाकवून पाहिला. मधोमध तडकला.